फोटो तोच, भिंत तीच. मग फोटोग्राफरला ऐकल्यावर बदलतं काय?

कलाकृतीसमोर माणूस किती वेळ थांबतो, हे अभ्यासकांनी घड्याळ लावून मोजलं आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये केलेला आणि २००१ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सरासरी २७ सेकंद सांगतो. ही सरासरीही रेंगाळणाऱ्या थोड्या लोकांमुळे वाढलेली. निम्मे प्रेक्षक १७ सेकंदांच्या आतच पुढे सरकले होते. यात शेजारची पाटी वाचायचा वेळही आला, आणि समोर होत्या त्या चांगल्या नावाजलेल्या कलाकृती. फोटोंच्या प्रदर्शनात लोक याहून जास्त थांबत असतील असं समजायचं कारण नाही. उलट फोटो ‘कळायला’ फारच सोपा. म्हातारा, सायकल, पाऊस. कळलं, चला पुढे.

फोटोग्राफरचं तासभर बोलणं ऐकून त्याच दालनात परत शिरलं की ही घाई मोडते. मघाशी ज्याच्यावरून नजर घसरली होती तो फोटो अडवून धरतो, आणि जो फार आवडला होता तो कधीकधी जरा पातळ वाटायला लागतो. ‘माहिती मिळाली म्हणून’ हे याचं उत्तर अर्धंच आहे. माहिती फोटोखालच्या ओळीतही असते. बोलण्यातून हाती लागतात त्या फोटो काढणाऱ्याच्या सवयी: तो किती जवळ जातो, किती थांबतो, काय टाकून देतो. किस्सा एकाच फोटोला चिकटतो. सवय कळली की भिंतीवरचे बाकीचे फोटोही उलगडायला लागतात. म्हणून व्याख्यान चांगलं झालं की नाही, याची परीक्षा तो ज्या फोटोंबद्दल बोलला त्यांवर घेऊ नये. ज्यांच्याबद्दल तो एक अक्षर बोलला नाही त्यांत आता जास्त दिसतंय का, हे बघावं.

आणखी एक गोष्ट आधीच वेगळी काढून ठेवलेली बरी. कळणं आणि आवडणं एक नव्हे. अमूर्त चित्रांना वेगवेगळ्या प्रकारची शीर्षकं देऊन लोकांना दाखवण्याचे प्रयोग मानसशास्त्रज्ञांनी केले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा एका कामात अर्थ सुचवणाऱ्या शीर्षकांमुळे चित्र समजल्याची भावना वाढली, पण चित्र जास्त आवडलं असं झालं नाही. व्याख्यानाकडूनही हीच अपेक्षा ठेवावी. ऐकल्यावर फोटो आवडायलाच हवा असं काही नाही. नावडण्याचं कारण नेमकं सांगता आलं तरी तासभर सार्थकी लागला.

फोटो काय लपवतो

रंगवलेल्या चित्रावर हाताच्या खुणा राहतात. ब्रश कुठे जोरात फिरला, कुठे रंग खरवडला, हे जवळ गेलं की दिसतं. फोटोचा पृष्ठभाग सगळीकडे सारखाच गुळगुळीत. ज्यासाठी तीन हिवाळे खर्च झाले तो आणि जो चालता चालता मिळाला तो, दोन्ही भिंतीवर शेजारी शेजारी तितकेच सहज दिसतात. बोलणं उपयोगी पडतं ते इथे.

सगळ्यात आधी अंतर. छातीपर्यंतचा एखादा चेहरा चौकटभर आहे. तो काढताना फोटोग्राफर कुठे उभा होता? ३६ बाय २४ मिलिमीटरच्या सेन्सरवर किंवा फिल्मवर, आडव्या चौकटीत, साधारण ६० सेंटिमीटर उंचीचा भाग बसवायचा असेल तर हिशोब सरळ आहे: फोकल लेंथला (लेन्सवर लिहिलेला मिलिमीटरचा आकडा) २५ ने गुणा. ३५ मिलिमीटरची लेन्स असेल तर अंतर जेमतेम ९० सेंटिमीटर. ८५ ची असेल तर दोन मीटरच्या थोडं पुढे. २०० ची असेल तर पाच मीटर. ९० सेंटिमीटर म्हणजे समोरच्याचा श्वास ऐकू येईल इतकं अंतर. तिथून चोरून फोटो काढता येत नाही. त्या माणसाला माहीत होतं, त्याने उभं राहू दिलं होतं, किंवा त्याला नको असताना कोणीतरी इतकं जवळ शिरलं होतं. पाच मीटरवरून काढला असेल तर त्याला पत्ताही नसेल.

तेव्हा बोलताना फोटोग्राफर सहज म्हणून गेला की ‘या कामात माझ्याकडे एकच ३५ ची लेन्स होती’, तर त्या वाक्याला कान टवकारा. कॅमेऱ्याच्या गप्पा म्हणून लोक ते सोडून देतात. प्रत्यक्षात त्या एका वाक्याने भिंतीवरच्या प्रत्येक चेहऱ्यापासूनचं अंतर सांगून टाकलेलं असतं. मग परत बघताना फरक जाणवतो: जवळून रुंद लेन्सने काढलेल्या फोटोत नाक आणि पुढे आलेला हात किंचित मोठे, मागची खोली लांबवर गेलेली, लांबून टेलीने (लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्सने) काढलेल्यात माणूस आणि मागची भिंत एकमेकांना चिकटल्यासारखे. (हा फरक खरं तर लेन्समुळे होत नाही, उभं राहण्याच्या जागेमुळे होतो. लेन्स फक्त किती भाग चौकटीत येणार हे ठरवते.) नंतर क्रॉप केलं, म्हणजे फोटोच्या कडा कापल्या असतील तर वरचा हिशोब चुकतो, म्हणून ‘तुम्ही क्रॉप करता का?’ हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

मग वेळ. ४० फोटोंचं प्रदर्शन धरा आणि प्रत्येक फोटो सेकंदाच्या १२५ व्या भागात काढला असं समजा. चाळीसही फोटोंची बेरीज होते ०.३२ सेकंद. भिंतीवर आहे ते एवढंच. त्यामागची पाच-सात वर्षं फोटोत कुठेच उमटलेली नसतात; ती सांगितली तरच कळतात. किती वेळा त्याच जागी गेला, कोणत्या ऋतूत, पहिल्या भेटीत कॅमेरा बाहेर काढला होता का, दार कोणी उघडलं. शटरचा वेगसुद्धा याच खात्यात येतो. माणूस ताशी पाच किलोमीटरने चालत असेल तर १/५०० सेकंदात तो तीन मिलिमीटरही सरकत नाही, १/३० मध्ये साडेचार सेंटिमीटर सरकतो, पाव सेकंदात ३५ सेंटिमीटर. म्हणजे प्रदर्शनात पुसट माणसं दिसली तर दोन शक्यता उरतात: उजेड अपुरा होता, किंवा तो पुसटपणा मुद्दाम हवा होता. बोलण्यातून एकदा कळलं की हा माणूस भर दुपारीही शटर मुद्दाम मंद ठेवतो, की भिंतीवरचे सगळे हललेले फोटो एका ओळीत येऊन उभे राहतात.

तिसरी गोष्ट निवड, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त शिकवणारी हीच. फोटोग्राफर रॉबर्ट फ्रँक यांनी १९५० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकाभर फिरून सुमारे २७,००० फ्रेम काढल्या; १९५८ मध्ये त्यांचं ‘द अमेरिकन्स’ हे पुस्तक निघालं तेव्हा त्यात होत्या ८३. तीनशेहून जास्त फोटोंमागे एक. फोटोग्राफर जेव्हा कॉन्टॅक्ट शीट पडद्यावर दाखवतो, म्हणजे फिल्मच्या एका रोलमधल्या ३६ फ्रेम एकाच कागदावर, सहा-सहाच्या सहा पट्ट्या, तेव्हा सगळं लक्ष तिथे द्यावं. निवडलेल्या फोटोच्या आधीच्या आणि नंतरच्या फ्रेम बघाव्यात. आधीच्या फ्रेममध्ये तो दूर आहे आणि पुढच्या पाचांत हळूहळू जवळ आला आहे, की तो एकाच जागी रोवून उभा आहे आणि माणसं चौकटीत येत-जात आहेत? निवडलेली फ्रेम पाचवी आहे की एकतिसावी? तिच्यानंतर फोटो थांबले आहेत का? थांबले असतील तर ‘मिळाला’ हे त्याला तिथेच कळलं होतं. तसेच पुढे सुरू असतील तर तो फोटो नंतर, टेबलावर सापडला. दोन्ही रीती चांगल्याच, पण काम करण्याचे ते दोन निराळे स्वभाव आहेत. डिजिटल काम करणारे कॉन्टॅक्ट शीटऐवजी संगणकावरच्या छोट्या चित्रांची जाळी दाखवतात. तीही चालते, फक्त त्यात नको त्या फ्रेम आधीच उडवलेल्या असू शकतात.

आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांचा १९३२ चा फोटो बहुतेकांनी कधी ना कधी पाहिलेला असतो: पॅरिसच्या सेंट-लाझार स्टेशनमागे साचलेल्या पाण्यावरून उडी मारणारा माणूस, टाच पाण्याला टेकायच्या बेतात. फोटो क्रॉप करू नये असं मानणारा हा फोटोग्राफर, आणि त्यांचा हा गाजलेला फोटो मात्र क्रॉप केलेला. का, तेही त्यांनी सांगून ठेवलं आहे. दुरुस्तीच्या कामाभोवती फळ्यांचं कुंपण होतं, फटीतून लेन्स पुरती मावत नव्हती, म्हणून डावी बाजू झाकली गेली. हे ऐकल्यावर फोटोतली ती घट्ट चौकट वेगळीच वाटते. काटेकोर रचना म्हणून जिचं कौतुक होतं तिच्यात फळीच्या फटीचाही वाटा आहे.

प्रिंट हाही निर्णयच असतो

अ‍ॅन्सल अ‍ॅडम्स यांचा ‘मूनराइज, हर्नांडेझ’ हा फोटो घ्या. न्यू मेक्सिकोतलं छोटं गाव, पांढरे क्रूस, वर चंद्र. मावळतीचा उजेड क्रूसांवरून सरकत होता आणि उजेड मोजायचं लाइट मीटर सापडेना. चंद्राची दीप्ती दर चौरस फुटाला २५० कँडल असते हे त्यांना पाठ होतं. त्यावरून त्यांनी एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर किती उजेड पडू द्यायचा ते, बांधलं: लेन्सचं छिद्र एफ ३२ इतकं बारीक, शटर एक सेकंद. दुसरा फोटो घ्यायच्या आत क्रूसांवरचा उजेड गेला. निगेटिव्ह एकच.

हा किस्सा रंजक आहे, पण प्रदर्शनात कामी येणारी गोष्ट त्याच्या पुढची. त्या एका निगेटिव्हवरून अ‍ॅडम्स पुढची कित्येक वर्षं प्रिंट काढत राहिले आणि प्रिंट बदलत गेले. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये वरच्या आकाशात ढगांचे फिकट पट्टे दिसतात. पुढच्या प्रिंटमध्ये तेच आकाश जवळजवळ काळं. पुढचा जमिनीचा भाग फार पातळ होता, म्हणून १९४८ मध्ये त्यांनी निगेटिव्हच्या तेवढ्याच भागावर रासायनिक प्रक्रिया करून तो गडद केला. निगेटिव्ह म्हणजे संगीताची लिखित संहिता आणि प्रिंट म्हणजे तिचा प्रयोग, असं ते म्हणत. हे कळल्यावर ‘त्या संध्याकाळी आकाश एवढं काळं होतं का?’ हा प्रश्न गळून पडतो, आणि ‘हे प्रिंट कधीचं?’ हा नवा प्रश्न येतो. तो विचारावा. फोटो काढल्याचं साल आणि प्रिंटचं साल वेगळं असू शकतं, आणि चांगल्या पाट्यांवर दोन्ही दिलेली असतात.

जिवंत फोटोग्राफरच्या बाबतीत कागद, आकार आणि मांडणी याबद्दल थेट विचारता येतं. मॅट कागदावर काळा रंग चकचकीत कागदाइतका गडद उतरत नाही. पण त्यात आपलंच तोंड दिसत नाही. २० बाय ३० सेंटिमीटरचा फोटो हातभर अंतरावरून बघायचा असतो, त्यामुळे एका वेळी एकच माणूस त्याच्यासमोर उभा राहतो. दीड मीटर रुंदीच्या फोटोला दोन-अडीच मीटर मागे सरकावं लागतं आणि तो चौघे मिळून बघतात. फोटो मोठा केला की भव्य वाटतो म्हणून सगळंच मोठं करणारे पुष्कळ आहेत. ‘हाच लहान का ठेवला?’ या प्रश्नाला नीट उत्तर मिळालं तर समजावं, मांडणीवर विचार झालाय.

इथेच एक अडचण सांगायला हवी. व्याख्यानात फोटो दिसतात ते प्रोजेक्टरवर, अंधाऱ्या खोलीत, उजळून निघालेले आणि सगळे एकाच आकाराचे. दालनात कागदाचे रंग टिकावेत म्हणून उजेड बहुधा ५० ते १०० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपास ठेवलेला असतो. ऑफिसात तो ३०० ते ५०० असतो. पडद्यावरून थेट भिंतीकडे गेलं की प्रिंट मळकट वाटतात. दोष प्रिंटचा नाही. पाचेक मिनिटं द्या, डोळे सरावतात, सावल्यांतले तपशील वर येतात. ज्यांनी फक्त व्याख्यान ऐकलं आणि दालनात नुसती चक्कर मारली, त्यांनी प्रदर्शन पाहिलेलं नसतं. त्यांनी स्लाइड पाहिलेल्या असतात.

सांगितलेलं किती खरं धरायचं?

फोटोग्राफर बहुधा खोटं बोलत नाही, पण तोच किस्सा वर्षानुवर्षं सांगून घासून गुळगुळीत झालेला असतो. अ‍ॅडम्स यांना चंद्राची दीप्ती पाठ होती, पण त्या फोटोचं साल त्यांनी वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळं दिलं. शेवटी आकाशातल्या चंद्राच्या जागेवरून खगोलशास्त्रीय गणित करून तारीख काढावी लागली: १ नोव्हेंबर १९४१. तांत्रिक तपशील पक्का आणि तारीख कच्ची, हे अगदी नेहमीचं आहे. हाताने केलेलं लक्षात राहतं; कॅलेंडर राहत नाही.

डोरोथिया लँग यांच्या ‘मायग्रंट मदर’ची गोष्ट याहून गंभीर. १९३६, कॅलिफोर्नियातलं निपोमो, वाटाणा तोडणाऱ्या मजुरांचा तळ, तंबूत आई आणि मुलं. लँग यांनी १९६० मध्ये या फोटोबद्दल लिहिलं. नाव किंवा मागचं काही विचारलं नाही, त्या बाईने वय ३२ सांगितलं, आणि अन्नासाठी नुकतेच गाडीचे टायर विकले होते, असं त्यात आहे. त्या बाईचं नाव, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन, जगाला कळलं १९७८ मध्ये. टायर विकल्याची गोष्ट घरच्यांनी नाकारली. लँग यांनी पाच फोटो घेतल्याचं सांगितलं होतं. सापडलेल्या फ्रेम त्याहून जास्त आहेत. यातून लँग लबाड ठरत नाहीत. चोवीस वर्षांपूर्वीच्या दहा मिनिटांची आठवण आहे ती. पण त्या आठवणीचा जो भाग फोटोत तपासता येतो तो आजही पक्का आहे: एकाच दिशेने जवळ जवळ जात फोटो घेतले, हे उरलेल्या फ्रेम शेजारी ठेवल्या की दिसतं. आणि बोलण्यात सहसा न येणारी एक गोष्टही फोटोतच आहे. खालच्या उजव्या कोपऱ्यात तंबूच्या खांबावर टेकलेला एक अंगठा होता. लँग यांनी नंतर निगेटिव्हवर तो पुसट करून घेतला. आधीच्या आणि नंतरच्या प्रिंटचे कोपरे ताडून बघितले की फरक कळतो. कोपऱ्यातला अंगठा खटकणारी नजर कशी असते, हे या एका दुरुस्तीतून जितकं समजतं तितकं लांबलचक भाष्यातून समजत नाही.

युद्धाचे फोटो काढणाऱ्या रॉबर्ट कापाचा स्पॅनिश यादवी युद्धातला, गोळी लागून कोसळणाऱ्या सैनिकाचा १९३६ चा फोटो खरा की रचलेला, यावर अजूनही वाद आहे. १९४७ मध्ये रेडिओवर कापाने सांगितलं होतं की खंदकात बसून कॅमेरा डोक्यावर धरला आणि न बघताच बटण दाबलं. ही ध्वनिफीत २०१३ मध्ये लोकांसमोर आली. तिने वाद मिटला नाही. आवाज कापाचाच आहे, एवढंच नक्की झालं. आवाज ऐकला की माणूस विश्वास ठेवायला उत्सुक होतो. पुरावा म्हणून मात्र त्याचं वजन लिहिलेल्या वाक्याइतकंच.

आणि कधी घोळ उत्तरात नसतो, प्रश्नात असतो. जो रोझेंथाल यांनी २३ फेब्रुवारी १९४५ रोजी जपानच्या इवो जिमा बेटावर अमेरिकी झेंडा उभारणाऱ्या सैनिकांचा फोटो काढला. फिल्म पुढे गेली, फोटो जगभर छापून आला, तरी त्यांनी स्वतः तो पाहिलेला नव्हता. काही दिवसांनी कोणीतरी विचारलं, फोटो पोज देऊन घेतला का? झेंड्याखाली जमून जल्लोष करणाऱ्या सैनिकांच्या ग्रुप फोटोबद्दल विचारताहेत असं समजून ते ‘हो’ म्हणाले. त्या एका ‘हो’मुळे झेंड्याचा फोटो बनावट असल्याची अफवा त्यांना आयुष्यभर पुरली. त्याच वेळी काढलेल्या चलच्चित्रात मात्र काहीच रचलेलं दिसत नाही. प्रश्न विचारताना फोटोचा क्रमांक सांगावा, किंवा तो पडद्यावर आणायला सांगावं. ‘तो रस्त्यावरचा फोटो’ म्हणू नये, रस्त्यावरचे बारा असतात.

रचलेला फोटो निघाला म्हणजे फोटो बाद, असंही नाही. रोबेर द्वानो यांचा पॅरिसच्या सिटी हॉलसमोरच्या चुंबनाचा १९५० चा फोटो नाट्यशिक्षण घेणाऱ्या जोडीला सांगून घेतला होता, हे १९९० च्या दशकात कोर्टकचेरीतून बाहेर आलं. ज्यांनी तो योगायोग म्हणून भिंतीवर लावला होता त्यांचा हिरमोड झाला. पण फोटोतली गर्दी खरी आहे, समोरच्या टेबलाशी पाठमोरा बसलेला माणूसही तसाच. बदलतो तो आपण फोटोशी केलेला करार: बातमी म्हणून घेतला होता, आता प्रसंगचित्र म्हणून घ्यायचा. व्याख्यानात हा करार फोटोग्राफर स्वतःहून स्पष्ट करत असेल, ‘इथे मी खुर्ची हलवली’, ‘इथे त्यांना पुन्हा चालायला सांगितलं’, तर तो भरवशाचा माणूस.

याहून जास्त नुकसान करतो तो कष्टांचा किस्सा. उणे तापमान, तीन दिवस उपाशी, आणि मग हा फोटो. श्रम खरे असतात, त्यांना दाद द्यावी. पण फोटो काढायला किती सोसलं आणि फोटो किती चांगला, यांचा एकमेकांशी संबंध नाही. याचीच उलटी बाजू म्हणजे अडखळत, पुटपुटत बोलणारा फोटोग्राफर. बोलणं फसलं म्हणून त्याचं काम हलकं समजणारे बरेच असतात. ज्याला शब्दांत सहज मांडता येतं त्याने कॅमेरा कशाला उचलला असता, असंही विचारता येईल. तशा माणसाला व्याख्यान द्यायला लावण्यापेक्षा दालनात दहा जणांच्या घोळक्यात फोटोसमोर उभं करावं. हात दाखवायला भिंत मिळाली की तो बरोबर बोलतो.

कानांचा उपयोग कसा करावा

क्रम महत्त्वाचा आहे: बघणं, ऐकणं, पुन्हा बघणं. मधलंच केलं तर फायदा निम्म्याहून कमी. व्याख्यानाआधी वीस-पंचवीस मिनिटं हाताशी ठेवा आणि दालनात एक फेरी पाट्या न वाचता मारा. तीन फोटो निवडा: एक आवडलेला, एक अजिबात न पटलेला, एक न कळलेला. प्रत्येकापुढे एक ओळ लिहा, अंदाज म्हणून: किती लांबून काढला असेल, समोरच्याला माहीत होतं का, चौकटीच्या बाहेर लगेच काय असेल. अंदाज चुकले तरी चालतील. न लिहिता गेलात तर नंतर ‘मला आधीच वाटलं होतं’ असं मन खुशाल सांगतं.

ऐकताना विशेषणं सोडा, क्रियापदं धरा. ‘गूढ’, ‘हळवं’, ‘अस्वस्थ करणारं’ या शब्दांनी काहीच तपासता येत नाही. ‘वाट पाहिली’, ‘परत गेलो’, ‘दिवा मालवला’, ‘बाजूला व्हायला सांगितलं’, ‘दहा वर्षं पेटीत ठेवला’ हे सगळं भिंतीसमोर उभं राहून ताडून बघता येतं. तासाभरात अशी सात-आठ क्रियापदं मिळाली तरी भरपूर झाली.

प्रश्नोत्तरांत एकच प्रश्न मिळतो असं धरून चाला. ‘कॅमेरा कोणता?’ याचं उत्तर कॅटलॉगमध्ये सापडतं. ‘प्रेरणा कुठून मिळते?’ याचं उत्तर आधीच पाठ केलेलं असतं. त्याऐवजी हे विचारून बघा: शेवटच्या क्षणी भिंतीवरून कोणता फोटो काढून टाकला आणि का? सत्तरातून चाळीस करताना पहिले दहा-वीस कोणीही वगळतो. शेवटचे दोन वगळताना जीव जातो, आणि त्या कारणात प्रदर्शनाचा कणा सापडतो. किंवा: क्रमांक १४ आणि १५ शेजारी का आहेत? इथे काही वेळा फोटोग्राफर क्युरेटरकडे, म्हणजे प्रदर्शनाची जुळणी करणाऱ्याकडे, बोट दाखवतो. तेही उत्तरच आहे. निवड एकाची, क्रम दुसऱ्याचा, प्रिंट तिसऱ्याचे, असं सर्रास असतं, आणि ‘त्याची दृष्टी’ म्हणून आपण ज्याला दाद देतो त्यात तिघांचा वाटा निघतो. माणसांचे फोटो असतील तर आणखी एक प्रश्न उरतो: फोटोतल्या माणसांनी हे प्रदर्शन पाहिलं का, आणि ते काय म्हणाले? उत्तर द्यायला किती वेळ लागला, तेही लक्षात ठेवा.

दुसरी फेरी न बोललेल्या फोटोंपासून सुरू करा. हे मुद्दाम करावं लागतं, कारण पाय आपोआप उलट वळतात. चाळीस फोटोंच्या प्रदर्शनात तासाभराच्या बोलण्यात नीट उल्लेख होतो आठ-दहांचा. ऐकून बाहेर आलेली गर्दी थेट त्या आठ-दहांसमोर जमते, एकमेकांना किस्सा पुन्हा सांगते आणि निघते. हे फोटो महत्त्वाचे म्हणून निवडलेले असतात असंही नाही. बहुतेक वेळा त्यांच्यामागे सांगण्याजोगी गोष्ट असते, एवढंच. बाकीचे तीस मुके राहतात आणि प्रदर्शनाचा खरा ऐवज अनेकदा त्यांतच असतो. गर्दी दुसरीकडे असल्यामुळे तिथे उभं राहायला जागाही मिळते. एखाद्या मुक्या फोटोसमोर थांबा आणि टिपलेली क्रियापदं त्याला लावून बघा. इथे तो किती वेळ थांबला असेल? दिवा इथेही मालवला का? उजवीकडची रिकामी जागा त्याने ठेवली की राहून गेली?

शेवटी आधी निवडलेल्या तीन फोटोंकडे या आणि आपल्या ओळी वाचा. न पटलेला फोटो अजूनही पटत नसेल तर फोटोग्राफरच्या शब्दाखातर मत बदलू नका. त्याला काय करायचं होतं ते कळलं. ते फोटोत उतरलं की नाही हे बघणं तुमचं काम, आणि त्यासाठी तुमच्याकडे त्याच्याइतकाच पुरावा आहे, तो म्हणजे समोरचा कागद. उलट कधी त्याला न दिसलेली गोष्ट प्रेक्षकाला दिसते. तो म्हणतो हा फोटो पावसाचा आहे, आणि मागच्या खिडकीतला चेहरा त्याच्या लक्षातच आलेला नसतो. असं काही सापडलं तर कार्यक्रम संपल्यावर त्याला जरूर गाठून सांगा. बहुतेक फोटोग्राफरांना कौतुकापेक्षा हे जास्त हवं असतं.

उद्घाटनाच्या दिवशीच बोलणं ठेवलेलं असेल तर पहिली फेरी शक्य नसते आणि दुसरीत माणसांच्या पाठीच दिसतात. अशा वेळी ऐकून घ्या, क्रियापदं टिपा आणि आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी, दालन उघडायच्या वेळेला परत जा. व्याख्यान चुकलं आणि त्याचं चित्रीकरण उपलब्ध असेल तर ते प्रदर्शन एकदा पाहून झाल्यावर लावा, आधी नको, आणि कॉन्टॅक्ट शीट पडद्यावर आली की व्हिडिओ थांबवा. बोलणारा तिथे दहा सेकंदही थांबत नाही, तुम्हाला मात्र छत्तीसही फ्रेम बघायच्या असतात.